माय मोटारीनं येणार होती

वैनी, तुझ्या पोटची लेक असून मी तुला जन्मभर वैनी म्हणत आले, आणि त्यापायी एकदा तुझा जीव जायची वेळ आली होती. त्या दिवसाबद्दल आपण दोघी नंतर कधीच बोललो नाही. तू होतीस तोवर मला धीर झाला नाही, आणि तू आपणहून तो विषय काढशील असं कधी वाटलं नाही. आता तू नाहीस, दादा नाही, मायही नाही. त्या दिवशी तिथं असलेली आपल्या घरातली मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

आपलं गाव कंधारपासून आत. तू लग्न होऊन त्या घरात आलीस तेव्हा दादाचा सगळ्यात धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता आणि त्याच्यावरचा नुकता चालायला लागला होता. माय दिवसभर दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, त्यामुळं त्या दोघांना न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, झोपवायचं सगळं तुझ्याकडं आलं. तू स्वतः तेव्हा केवढी होतीस याचा आता हिशेब केला तर तूही पोरच होतीस. ते दोघं तुला वैनी म्हणायचे, आपल्या थोरल्या भावाला दादा आणि आपल्या आईला माय. पुढं मी झाले, आणि मी बोलायला शिकले ती त्यांच्या तोंडाकडं बघून. म्हणून माझा बाप माझा दादा झाला, आजी माझी माय झाली आणि तू वैनी झालीस. गावात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शेजारी बापाला अण्णा म्हणत होते, त्याच्या पलीकडं आईला अक्का. आपल्या घरानं धम्म घेतला तेव्हा देव्हारा उतरवला होता, पोरांची नावं नव्या धाटणीची ठेवली होती, पण हाका मात्र जुन्याच चालत राहिल्या. आई हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. तो गाण्यात यायचा. तो एखाद्या खऱ्या माणसाला लावायचा असतो हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी हापीसं उघडत होती आणि त्यातल्या एका कचेरीत दादाला शिपायाची नोकरी लागली. गावाकडं पावसानं दुसऱ्या सालीही तोंड दाखवलं नव्हतं. काका दोघं कंधारला बोर्डिंगात राहिले, माय गावात थांबली आणि आपण तिघं लातूरला एका पत्र्याच्या खोलीत आलो. टँकरचं पाणी तू हंड्यात ओतायचीस, त्यात तुरटी फिरवायचीस, आणि गाळ खाली बसेपर्यंत मला हंड्याजवळ फिरकू द्यायची नाहीस. त्या खोलीत तुझी-माझी जी गट्टी जमली तशी गावात कधी जमली नव्हती, कारण गावात तू सगळ्यांची होतीस. इथं दादा कामावर गेला की तू फक्त माझी वैनी असायचीस. पण तू त्या शहराला फार भ्यायचीस. पोरं धरून नेणारे लोक लातुरात आलेत अशी आवई होती. पाण्याच्या रांगेतल्या बायका रोज नवी हकिगत सांगायच्या, कुठं कुणाचं पोर गेलं, कुणी साडी नेसून आलं होतं, कुणी गोळ्या-बिस्किटं दाखवली. ते ऐकून आलीस की तू माझा हात इतका घट्ट धरायचीस की बोटं पांढरी पडायची.

मग गावाकडची विहीर पार आटली आणि मायनं निरोप धाडला की मी येते. ती कंधारच्या मोटारीनं येणार होती. दादाला रजा मिळाली नाही, म्हणून तिला आणायला आपण दोघीच स्टँडवर गेलो. तुला आठवत असेल, स्टँड माणसांनी भरून गेलं होतं. कामाच्या शोधात निघालेली घरंच्या घरं गाठोडी आणि पत्र्याच्या पेट्या मांडून बसली होती. मोटार कधी येते ते विचारायला तू खिडकीशी गेलीस आणि चोळीतला पैशाचा रुमाल चाचपण्यापुरता माझा हात सोडलास. मी तुझं हिरवं लुगडं धरून उभी होते. लुगडं चालायला लागलं तशी मी मागोमाग चालले. बरंच पुढं गेल्यावर ते थांबलं, वळलं, आणि मी वर बघितलं तर तोंड दुसरंच होतं.

मी वैनी वैनी म्हणून ओरडायला लागले. माणसं गोळा झाली. तेवढ्यात तू आलीस. पदर सुटलेला, घामेजलेली, डोळे भिरभिरलेले. तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि दंडाला धरून मला ओढत निघालीस. मी आणखी मोठ्यानं रडायला लागले. आता मला कळतं, वैनी, की लांबून बघणाऱ्याला ते कसं दिसलं असेल.

गळ्याला दस्तीचा रुमाल बांधलेला एक माणूस आडवा आला. "ओ बाई, थांबा जरा. कुणाचं लेकरू हाय हे?"

"माझं हाय की."

"तुमचं हाय तर असं फरपटत का घेऊन चालल्या?"

तू काही बोलायच्या आत तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज मऊ होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला लिहावंच लागेल. "बाळ, भिऊ नको," तो म्हणाला. "ही कोण हाय तुझी?"

"वैनी."

"वैनी? मग माय कुठंय तुझी?"

"माय मोटारीनं येऊन राहिली," मी म्हणाले. "गावाकडून."

मी खरं तेच सांगत होते. विचारलं की नीट उत्तर द्यावं, असं तूच शिकवलं होतंस. पण त्या माणसाचा चेहरा बदलला. तो उभा राहिला आणि आजूबाजूला बघत म्हणाला, "लेकराची माय मोटारीत हाय, आन ही बाई लेकरू घेऊन चालली."

ते वाक्य गर्दीतून मागं मागं जाताना मला ऐकू येतं. अजूनही येतं. पुढचे लोक हळू बोलतात, मागचे मोठ्यानं. कुणीतरी म्हणतं, पोरीचं नाव विचारा. मी घरातलं नाव सांगते, तू त्याच वेळी पाळण्यातलं सांगतेस. कुणीतरी हसतं. मालकाचं नाव काय, असं विचारतात आणि तू गप्प होतेस, कारण चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तुझ्या अंगात भिनलेलं आहे. तू म्हणतेस, "हिचे दादा कचेरीत हायत."

"दादा म्हंजे भाऊ," तो माणूस म्हणतो. "आन तू वैनी. मग पोरीचे मायबाप कुठं हायत? आडनाव सांग बरं."

तो तुम्हीवरून तूवर आला होता. आडनावाशी तू अडलीस. आपलं आडनाव कानावर पडलं की समोरच्याचा आवाज कसा बदलतो हे तू गावात बघितलेलं होतं, आणि त्या गर्दीत कोण कसा आहे ते कळायला मार्ग नव्हता. तू खाली बघितलंस. तुझं ते खाली बघणं लोकांना पुरलं.

कुणाचा हात आधी उठला ते मला दिसलं नाही. एका बाईनं मला उचलून छातीशी धरलं होतं. ती मला थोपटत होती, "रडू नको लेकरा, सुटलीस आता," असं म्हणत होती. मी तिच्या खांद्यावरून वैनी वैनी ओरडत होते आणि तिला वाटत होतं की मी वैनीला भिऊनच ओरडते. ती माझं तोंड दुसरीकडं फिरवायची, मी पुन्हा वळायचे. तुझ्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी तुझे केस धरले होते. तू ओरडत नव्हतीस. तू फक्त, "इचारा तिला, इचारा तिला," एवढंच म्हणत होतीस, आणि त्यांनी तर मला विचारलेलंच होतं.

स्टँडवरचा जमादार शिटी फुंकत आला म्हणून तू वाचलीस. वयस्क माणूस, पोट सुटलेलं, चालायचा हळू, पण त्यानं काठी आडवी धरून गर्दी मागं रेटली आणि आपल्या दोघींना चौकीत नेलं. गर्दी दाराशी येऊन उभी राहिली. जमादारानं सगळं ऐकून घेतलं, मला तेच प्रश्न विचारले आणि मी तीच उत्तरं दिली.

"बरं," तो म्हणाला. "माय मोटारीनं येऊन राहिली म्हणती ना? येऊ द्या. तवर कुणी या बाईला हात लावायचा न्हाई."

मग आपण वाट बघत बसलो. तू कोपऱ्यात फरशीवर, मी बाकावर त्या बाईच्या मांडीवर. मला तुझ्याकडं येऊ देत नव्हते. तुझ्या मनगटातून रक्त येत होतं आणि डाव्या कानावर तू पदर दाबून धरला होतास. तू माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस. मला वाटलं, मी हरवले म्हणून तू रागावलीस. आता मला कळतं की तू बघितलं असतंस तर मी रडले असते, आणि मी रडले की दारातला आवाज वाढत होता. एक मोटार आली, ती उदगीरची निघाली. आणखी एक आली, ती निलंग्याची. प्रत्येक मोटारीला दारातली माणसं माना वळवायची, आणि कुणीच आलं नाही की पुन्हा तुझ्याकडं बघायची. माय निघालीच नसेल तर, तिची मोटार चुकली असेल तर, हे तुझ्या मनात किती वेळा आलं असेल. माझ्या मनात तेव्हा फक्त एवढंच होतं की माय आली की ती खाऊ आणेल.

कंधारची मोटार आली. माय उतरली, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात कळशी. मी खिडकीतून तिला बघितलं आणि "माय" म्हणून किंचाळले. जमादार स्वतः जाऊन तिला घेऊन आला.

"ही म्हातारी माय?" दस्तीवाला म्हणाला. "हिचं लेकरू हाय हे?"

माय दारात थांबली. तिनं खाकी कपडे बघितले, माणसं बघितली, तुझं मनगट बघितलं. जमादारानं तुझ्याकडं बोट करून विचारलं, "ही कोण तुमची?" आणि मायचं तोंड उघडेना. तुला आठवतं ना, वैनी? ती अख्ख्या गावाशी भांडणारी बाई. तिची हनुवटी नुसती हलत होती. खाकी कपड्याचं कोणतं जुनं भय तिच्यात बसलं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही. दाराशी कुणीतरी म्हणालं, "बघा, वळखत न्हाई." आणि तू तेव्हा पहिल्यांदा मान वर केलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर कुणाच्याच चेहऱ्यावर बघितलं नाही आणि बघायची इच्छाही नाही. आपलं माणूस समोर उभं आहे आणि ते बोलत नाही.

जमादारानं दार लोटून घेतलं. मायच्या डोक्यावरचं गाठोडं त्यानं आपल्या हातानं उतरवलं, तिला बाकावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. ती अर्धं प्याली, अर्धं सांडलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, कुणी तुम्हाला काही करत न्हाई. या लेकराची तुम्ही कोण लागता, तेवढंच सांगा."

"आजी," माय म्हणाली. "आजी हाय मी तिची. माझ्या लेकाची लेक हाय. आन ही सून हाय माझी. हिनंच जलम दिला तिला. का मारलं हो तिला?"

माय ही माझी आजी आहे हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. मी त्या बाईच्या मांडीवरून उतरून तुझ्या कुशीत शिरले आणि तुझं अंग इतकं थरथरत होतं की माझे दात वाजले.

जमादारानं दार उघडलं. "जा आपापल्या वाटंनं," तो लोकांना म्हणाला. "घरातली बाकीची पोरं वैनी म्हणतात म्हणून ही बी वैनी म्हणती. मी माझ्या बापाला काका म्हणत होतो. चुलतभाऊ म्हणायचे, मी बी म्हणायचो. बाप मेला तवा काका म्हणूनच रडलो. मातीला आलेल्या एका माणसानं मला इचारलं, पुतण्या का तू त्यांचा?" एवढं बोलून तो खुर्चीत जाऊन बसला.

लोक पांगले. माफी कुणी मागितली नाही. दस्तीवाला जाता जाता एवढंच म्हणाला, "लेकराला नीट शिकवायचं ना बाई." मला धरून बसलेली बाई तुझ्याजवळ आली. तिनं आपल्या पदरानं तुझं मनगट टिपलं आणि ती गेली.

त्या संध्याकाळी मायनं फर्मान काढलं की आजपासून पोरीनं हिला आई म्हणायचं आणि मला आजी. दादा भिंतीला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून तू मला समोर बसवायला लागलीस. वेणी घालताना, भाकरी थापताना, पाण्याच्या रांगेत. "मी कोण तुझी?" तू विचारायचीस. मी म्हणायचे, वैनी. "न्हाई. नीट सांग. कुणी इचारलं तर काय सांगशील?" मग मी म्हणायचे, आई. एकदा मी मुद्दाम हट्टानं वैनी वैनी म्हणत राहिले तर तू मारलं नाहीस, पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलंस आणि म्हणालीस, "लेकरा, त्या शब्दानं मला मारतेत गं." त्यानंतर माझी चूक झाली नाही.

पण तो शब्द घरात आला नाही. तो बाहेरचाच राहिला. शाळेच्या दारात, मोटारीत, दवाखान्यात मी तुला आई म्हणायचे, आणि घरी येऊन दाराला कडी लागली की वैनी. आपण तसं ठरवलं नव्हतं, ते आपसूक झालं. आणि तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे, मी आई म्हटलं की तू आधी माझ्याकडं बघायची नाहीस, आजूबाजूला बघायचीस. धाकटा भाऊ झाला तो पहिल्यापासून आई म्हणायला शिकला. तो दिवसभर आई आई करत तुझ्या मागं फिरायचा आणि तू हसायचीस. त्याच्या तोंडी तो शब्द भाकरीसारखा साधा होता. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याची आई वेगळी आणि माझी वैनी वेगळी, असं मला फार दिवस वाटत राहिलं. दादाची पुढं नांदेडला बदली झाली, घर झालं, माझं लग्न झालं. तुझा डावा कान गेला तो गेलाच. लोकांना तू सांगायचीस की लहानपणी कान फुटला होता. मी ते ऐकून घ्यायचे.

शेवटी तुला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दोन दिवस तू डोळे उघडले नव्हतेस. नर्स सुई बदलायला आली आणि तिनं सहज विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?"

"आई," मी म्हणाले. मग मला वाटलं, हिला ऐकू जाईल, म्हणून उजव्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, "आई, मी आले."

तू डोळे उघडलेस. माझं मनगट इतक्या जोरानं धरलंस की नर्स दचकली. तू दाराकडं बघत होतीस. "काय झालं?" तू म्हणालीस. "कोण इचारून राहिलंय?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "कुणी न्हाई, वैनी. घरीच हावोत आपण."

तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि मग तुझी बोटं सुटली. त्यानंतर तू उठली नाहीस. मयतीला आलेल्या बायका मला म्हणत होत्या, आई म्हणून मोकळी रड, मन हलकं होईल. मला त्या शब्दानं रडता येईना. तू कुठं असशील तिथं दचकून उठशील असं वाटत होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय कागद मिटवत नाही. परवा मी माझ्या नातीला घेऊन नांदेडच्या रेल्वे स्टेशनावर गेले होते. ती मला आजीच म्हणते, तिच्या आईला आईच म्हणते. तिच्या हाकांत कुठंच गोंधळ राहू दिलेला नाही मी. तिला फुगा हवा होता. मी नाही म्हणाले तशी तिनं फरशीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. मी तिचा दंड धरला आणि दोन-चार माणसांनी वळून बघितलं. माझा हात आपोआप सुटला, वैनी. पोर गर्दीत एकटी रडत बसलेली, आणि मी तिच्यापासून हातभर मागं सरून, तोंडावर हसू आणून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नात आहे माझी. सख्खी नात आहे." कुणीही काही विचारलं नव्हतं.